शपथेवर निवळलेलं पाणी

कोंडखारच्या कोळीवाड्यात पाण्यात उतरणारे पुष्कळ, पण पाणी फाडणारा एकटा हरेश्वर. फाडणं हा कंपनीतला शब्द. दूध नासलं की चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं ना, तसं तेलकट पाणी फाडायचं. बंदराला लागणाऱ्या जहाजांच्या तळाशी जे काळं, बुळबुळीत पाणी साठतं, ते टँकर भरभरून गावाच्या डोक्यावरच्या कंपनीत येतं. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत असं आपण शाळेत शिकतो. जहाज धुणारे त्यात साबण ओततात, आणि मग हे दोघे असे नांदायला लागतात की महिनाभर टाकीत ठेवा, वेगळे व्हायचं नाव नाही. त्यांची काडीमोड करून देणं हे हरेश्वरचं काम.

प्रत्येक टँकरचा स्वभाव निराळा. म्हणून टँकर आला की तो आधी काचेच्या सहा भांड्यांत ते पाणी घेई. थोडं ॲसिड घाली, मग पहिल्या भांड्यात एवढी तुरटी, दुसऱ्यात त्याहून जास्त, तिसऱ्यात आणखी, असं चढत्या मापानं घालत जाई. यंत्र आधी जोरात ढवळी, मग हळू. एखाद्या भांड्यात बघता बघता पाण्याला कण फुटत, कण एकमेकांना धरत, तेलाला कवटाळून वर येत, आणि खाली पाणी मोकळं होई. डोस कमी पडला तर पाणी गढूळच राहतं. जास्त झाला तर फाटत आलेलं पाणी पुन्हा दुधाळ होऊन बसतं, हे मात्र कुणाला पटत नाही. औषध जास्त म्हणजे गुण जास्त, असं समजणारे तीन बाहेरगावचे ऑपरेटर त्याच्याआधी येऊन गेले होते. हरेश्वर भांड्यामागे वर्तमानपत्र धरून ‘जाहीर नोटीस’मधली बारीक अक्षरं पाण्यातून वाचता येतात का ते बघायचा. वाचता आली की तो डोस मोठ्या टाकीला लावायचा. तालुक्यातल्या सगळ्या हरवलेल्या दस्तऐवजांची माहिती त्याला त्यामुळे तोंडपाठ होती, आणि याचा त्याला उगीचच अभिमानही होता.

ही नोकरी त्याला मिळाली नव्हती, गावानं त्याला दिली होती. चार वर्षांपूर्वी खाडीतल्या खडकांवर काळी कड दिसायला लागली. कोंडखारचे पुरुष होड्या घेऊन बाहेर समुद्रात जातात, खाडी बायकांची. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून खडकावरची कालवं फोडायची, शिंपल्या वेचायच्या आणि एस.टी.नं मुरुडच्या बाजारात नेऊन वाटे लावायचे. बायकांनी ओरड केली तेव्हा गावकीनं सरकारी कचेरीत देण्यासाठी अर्ज लिहिला. घरटी एक सही किंवा अंगठा. अर्ज जाणार त्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा मॅनेजर हितेशभाई पेढ्यांचा पुडा घेऊन देवळात आला आणि म्हणाला, “भांडता कशाला? तुमचाच माणूस पाण्याच्या प्लँटवर ठेवतो. त्यानेच पाणी साफ करावं, त्यानेच सोडावं. मग तर झालं?”

गावकीला हे फार पटलं. आपला माणूस आत असला म्हणजे पाणी आपल्या हातात, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. यात गावाचा लोभ नव्हता हो, भाबडेपणा होता. कोळीवाड्यात होडीवर आपला माणूस असला की जाळ्यात काय आलं ते कळतं, तोच न्याय त्यांनी कंपनीला लावला. आपला माणूस पाणी सोडणार म्हणजे उद्या त्या पाण्याविरुद्ध बोलायचं झालं तर आपल्याच माणसाविरुद्ध बोलावं लागणार, हे त्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हरेश्वर बारावी सायन्सपर्यंत गेलेला, म्हणून त्याचं नाव निघालं. दोघेतिघे कुरकुरले, “आत गेला का कंपनीचाच व्हनार.” तेव्हा गावकीचे अध्यक्ष चांगदेव नाखवा म्हणाले, “भंडारा उचलू दे त्याला.” खंडोबासमोर बेल आणि हळद हातात घेऊन केलेली शपथ कोंडखारमध्ये शेवटची. तिच्यापुढे कोर्ट नाही आणि कचेरी नाही. हरेश्वरची आई सगुणा बायकांच्या घोळक्यातून तेवढं बोलली, “पोरा, कामाची शपत घे. पान्याची घेऊ नको. पानी कुनाच्या हातातलं हाय?”

तिच्या बोलण्याला कारण होतं. हरेश्वर सहा वर्षांचा असताना, खाडीच्या तोंडाशी जाळ्याचे खुंटे कुणाचे या वादात तिच्या नवऱ्यानं असाच भंडारा उचलला होता, आणि त्याच वर्षी तो होडीसकट गेला. खरं-खोटं खंडोबाला ठाऊक. गावात त्यावर कुणी बोलत नसे, पण सगुणानं मनाशी गाठ मारून ठेवली होती.

हरेश्वर तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. तो म्हणाला, “माझ्या हातचं पानी खाडीला बाधलं, तर खंडोबानं मना बघून घ्यावं.” अर्ज देवळातल्या पेटीत गेला तो तिथेच राहिला.

आणि त्यानं शपथ पाळली, यात शंका नाही. आधीचे ऑपरेटर एकदा डोस लावला की दिवसभर खुर्ची सोडत नसत. हा दर तासाला टाकीवर. पाणी फाटायचं, बुडबुड्यांबरोबर तेलाचा चोथा वर यायचा, टाकीवरची फिरती पट्टी तो खरवडून घ्यायची, आणि खालून जे निघायचं ते गावातल्या विहिरीच्या पाण्याहून निवळ. सहा महिन्यांत खडकांवरची काळी कड गेली. नारळी पौर्णिमेला गावकीची मंडळी कंपनीत आली तेव्हा त्यानं काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं. चांगदेव नाखवांनी बाटली फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, “हरेश्वरा, नाव राखलंस.” ती बाटली नंतर देवळात कोनाड्यात ठेवली गेली. माणसांचे फोटो लागतात, याच्या पाण्याला जागा मिळाली.

या सगळ्यात एक गोष्ट हळूच गेली, ती म्हणजे हरेश्वरचं नाक. आठ-आठ तास तेलाच्या वाफेत काढून त्याला वास यायचा बंद झाला. दोरीवर सुकत घातलेल्या बोंबलाच्या वळईखालून गेला तरी पत्ता नाही. लोक हसायचे, तोही हसायचा. कोळ्याच्या पोराला नाक नसलं तर बरंच, असं म्हणायचा.

सगुणा रोज ओहोटीला खाडीत जायची. कंपनीचं पाणी जिथं पडतं त्याच्या शेजारचे खडक तिच्या सासूपासूनचे तिचे. पहिल्या वर्षी ती बाजारातून रिकामी टोपली घेऊन यायची. मग अर्धी भरलेली. मग तिनं बाजारात जाणंच कमी केलं. “एस.टी.त ढकलाढकली व्हते, गुडघे दुखतात,” म्हणायची. आणलेली कालवं घरातच शिजायला लागली. कालवांचं सुकं, कालवांचं कालवण, कालवं घालून भात. हरेश्वर ताटावर बसला की विचारायचा, “आये, वास तर न्हाय ना येत?” ती म्हणायची, “कसला वास? खा गुमान.” तो खायचा. घरात तिसरं माणूस नव्हतं. त्याचं लग्न कधी जमलं नाही, आणि का जमलं नाही हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं.

यंदाच्या होळीनंतर कंपनीच्या लॅबमध्ये तेजस्वी नावाची मुलगी आली. पेणची, नुकती शिकून बाहेर पडलेली, सगळ्याला हात लावून बघणारी. हरेश्वरनं मोठ्या हौसेनं तिला आपली सहा भांडी दाखवली. तिसऱ्या भांड्यातलं पाणी असं फाटलं होतं की नोटिशीतला गट नंबरसुद्धा वाचता येत होता. तेजस्वीनं भांडं उचललं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

“दादा, याला केवढा वास येतोय!”

“कसला?”

“घासलेटासारखा. तुम्हाला येत नाही?”

हरेश्वरनं भांडं नाकाशी धरलं. काहीच नाही. त्यानं पुन्हा धरलं, जोरात श्वास घेतला, ठसका लागेपर्यंत घेतला. काहीच नाही. मग तो म्हणाला, “पण पाणी तर निवळलंय.”

तेजस्वी खुर्ची ओढून बसली. तिला त्याची कीव आली असणार, कारण ती फार हळू बोलली. “दादा, तुम्ही काढताय ते तरंगणारं तेल, बारीक थेंबांचं तेल. ते तुम्ही उत्तम काढता. पण थोडं तेल पाण्यात विरघळलेलं असतं. ते दिसत नाही आणि तुरटीला सापडतही नाही. समुद्राच्या पाण्यात तुरटी फिरवली तर ते निवळेल, पण गोडं होईल का?”

कोळ्याच्या पोराला यापुढे समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. “मग ते काढायचं कशानं?”

“कोळशानं. आपल्याकडे टाकी आहे की, ती निळी.”

निळी उंच टाकी प्लँटच्या शेवटी उभी होती. पाणी तिच्यातून जाऊनच खाडीत पडायचं. चार वर्षं हरेश्वर तिची काच पुसत होता, तिचा काटा बघून वहीत आकडा लिहीत होता. त्या दुपारी दोघांनी तिचं वरचं झाकण उघडलं. आत कोळशाचा खडाही नव्हता. लख्ख रिकामी टाकी, एका बाजूनं पाणी आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर.

हितेशभाईंनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता, आणि हसतमुख माणसाशी भांडणं किती अवघड असतं ते हरेश्वरला त्या दिवशी कळलं. “अरे हरेश्वर, कोळसा भरला की तीन महिन्यांत पुन्हा भरावा लागतो. वरचे लोक देणार नाहीत. आणि पाणी देखो ना, एकदम काच! तुमच्या गावाची एक तरी कम्प्लेंट आहे का चार वर्षांत? गावाने लेखी दिलं तर मी वर पाठवतो. शब्द देतो.”

गावानं लेखी दिलं तर. हरेश्वर ते शब्द घेऊन घरी आला आणि रविवारी सकाळी देवळात गावकीसमोर उभा राहिला. तेजस्वीनं एका कागदावर सगळं लिहून दिलं होतं, तो त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

“माझं पानी चांगलं न्हाय,” तो म्हणाला. “दिसतंय चांगलं, पन त्यात विरघळलेलं तेल हाय. कालवांना त्याचा वास लागतोय. पेटीतला अर्ज बाहेर काढा, नवा लिवा. गावानं लेखी दिलं का कंपनीला कोळसा भरावा लागंल.”

कुणीतरी म्हणालं, वास होड्यांच्या डिझेलचा असेल. दुसरा म्हणाला, पावसाळ्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, ते काय हरेश्वर सोडतो? एकाचा भाऊ कंपनीच्या टँकरवर होता, एकाचा जावई गेटवर. त्या दोघांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. शेवटी चांगदेव नाखवा बोलले. म्हातारा तसा न्यायाचा, पण त्याच्या गळ्यात ती कोनाड्यातली बाटली अडकली होती.

“हरेश्वरा, तू भंडारा उचललावतास. आज बोलतंस का पानी बाधतंय. म्हंजे तुजी शपत खोटी?”

“व्हय म्हना. काय करनार!”

“असं म्हनून चालंल का? तुज्या नाकाला तं सुकटीचा वास येत न्हाय. ती पेनची पोर काल आली, उद्या जाईल. गावाच्या माणसानं सांगायला पायजे.” त्यांनी बायकांकडे बघितलं. “सगुणा सांगंल. कालव हुंगून खाडीच्या कुठल्या काठचं ते सांगणारी बाई हाय. तिचे खडक तिथंच हायेत. ती ‘वास हाय’ बोलली, तर आत्ता अर्ज लिवू. सगळ्यांना मंजूर?”

सगळ्यांना मंजूर होतं. हरेश्वरचा जीव भांड्यात पडला. आईइतकं तीक्ष्ण नाक पंचक्रोशीत नव्हतं. आजवर ताटावर ती काही बोलली नसेल, ते त्याला वाईट वाटू नये म्हणून. देवासमोर ती खरंच बोलणार. गावकीच्या बैठकीत बाईला साक्षीपुरतंच बोलावतात. सगुणा पदर नीट करून पुढे आली. पुजाऱ्यानं तिच्या हातावर बेल आणि भंडारा ठेवला. तिनं एकदा मुलाकडे बघितलं, आणि पिवळ्या झालेल्या तळव्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“कालवांना वास येतो का गो सगुणा?”

“न्हाय,” सगुणा म्हणाली. “कसला वास न्हाय. पानी चांगलं हाय.”

“आये!” हरेश्वर ओरडला.

“मी खाते, त्यो खातो. काय झालं काय आमाला?” तिनं भंडारा कपाळाला लावला आणि ती बायकांत जाऊन उभी राहिली. तिथल्या दोघी-तिघी, ज्या तिच्याच बरोबर न विकलेल्या टोपल्या घेऊन परत येत, त्यांनी तिच्याकडे बघून तोंडाला पदर लावला. पण साक्ष तिची मागितली होती, त्यांची नाही. चांगदेव नाखवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “शपत खरी ठरली. विषय संपला,” ते म्हणाले, आणि लोक उठले. जाता जाता एकदोघांनी हरेश्वरच्या पाठीवर हातही ठेवला, जास्त काम करून माणसाचं डोकं फिरतं म्हणून.

मायलेक घराकडे निघाले. ती पुढे, हा मागे. घरात शिरल्यावर तिनं सकाळची टोपली ओढली, पाट घेतला आणि कालवं फोडायला बसली. हरेश्वर उंबऱ्यातच उभा होता.

“आये, आता खरं सांग. वास येतो ना?”

“येतो.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या वरसापासून. बाजारात बायका हुंगून टोपलीत परत टाकतात. एक बाई तं बोलली, घासलेटात धुतलीस काय गो. मी काय सांगनार?”

“मग मगाशी खोटं का बोललीस? तुझ्या एका शब्दावर अर्ज जात होता! खाडी वाचली असती!”

सगुणानं हातातलं कालव खाली ठेवलं. ती रागावली नव्हती. “तुजी शपत काय होती, आठव. पानी बाधलं तं खंडोबानं मना बघून घ्यावं, असं बोल्लावतास. मी ‘वास हाय’ बोलले असते का तुजी शपत त्याच क्षनी खोटी. तुज्या बापाची कशी झाली ती बघितलीय मी. तीन दिवस किनाऱ्यावर बसून व्हते. होडीची फळीपन आली न्हाय. खाडी जाऊ दे. मना पोर पायजे.”

“अगं पण आता तूच भंडारा उचललास! खोटा!”

“व्हय,” ती म्हणाली. “मंग आता मना लागंल. तुला न्हाय.”

हरेश्वर खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. तेजस्वीचा कागद घेऊन एकट्यानं कचेरीत जाता येईल, हे त्याच्या मनात वाटेत येऊन गेलं होतं. आता ते पाणी वाईट आहे असं जगात कुठेही सिद्ध करायचं म्हणजे आईनं देवासमोर घेतलेली शपथ खोटी पाडायची. त्याचा स्वतःचा खंडोबावर किती विश्वास होता, सांगता यायचं नाही. चार वर्षं तो पाण्याचं माप घालून, ढवळून, आकडे लिहून जगत होता. पण तिचा विश्वास होता, आणि कागद कचेरीत गेल्याच्या दिवसापासून ती मरणाची वाट बघत बसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी प्लँटच्या दारातच उभी होती. “काय झालं दादा? गाव लेखी देतंय?”

“न्हाय.”

“मग तुम्ही द्या. मी सही करते बरोबर.”

हरेश्वरनं नकाराची मान हलवली. का, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तरी पेणच्या मुलीला ते बावळटपणाचंच वाटलं असतं. बाहेर बंदराकडून आलेला टँकर हॉर्न देत होता. त्यानं खिशातला कागद तिच्या हातात परत ठेवला आणि नमुना घ्यायला बादली उचलली.